वरचं साल, खालचं साल

हंगामाचं पहिलं कणीस मी अग्नेसबाईंच्या चुलीवर ठेवायला गेलो, तर त्यांनी ते हिसकावून पातेल्यात टाकलं. "आज संत लॉरेन्सचा सण. त्याले जाळीवर भाजून मारलं, अन् तुमी माह्याच घरी भाजून राह्यले? उकडून खा!" कॅलेंडरातला प्रत्येक संत बाईंच्या घरात असा वावरायचा. अंतोनीच्या सणाला गल्लीभर पाव वाटायच्या. ज्या दिवशी संत नसे त्या दिवशी म्हणायच्या, "आज पाहुणा नाही. आपणच आपले."

जऊळक्यात आमची दोनच कॅथलिक घरं, अंगणाला अंगण लागून. बाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, मी रेल्वेचा गँगमन. फादर वाशिमहून महिन्यातून एकदा येत. बाकीचे दिवस बाई सकाळी बायबलातलं त्या दिवसाचं वाचन करायच्या. वाचन झाल्याशिवाय चहासुद्धा नाही. आणि वाचायच्या कशा, तर पुस्तक हातात धरून अंगणात येरझाऱ्या घालत. मी ओट्यावर बसून ऐकायचो, माझी मान इकडून तिकडे.

"बाई, एका जागी थांबा. देव काय पळून चालला?"

"देव कायले पळते? मीच चालली."

मग बाईंचे डोळे गेले. आता इलाज नाही, असं डॉक्टरने सांगितलं. बाई रडल्या नाहीत, येरझाऱ्या मात्र दुप्पट झाल्या. "तीस वर्षांत एक दिवस खंड नाही पडला, लाजरसभाऊ. आता तुमी वाचा."

मी दुसरी शिकलेला. अक्षर ओळखतो, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हतो. माझ्या हाताखालच्या रुळावर कधी कोणा साहेबाने बोट ठेवलं नाही, तो मी बाईपुढे अडखळणार? मी पुस्तक घेतलं.

त्या पुस्तकात येशूचं शुभवर्तमान दर साली तेच असतं. त्याच्या आधीची पहिली वाचनं मात्र पानावर दोन, एक वर, एक खाली. एका साली वरचं वाचायचं, पुढच्या साली खालचं. मी वर बोट ठेवून पहिली ओळ लावायचो. पुढचं ऐकून ऐकून पाठच होतं, ते धडाधड म्हणून टाकायचो. बाई "आमेन" म्हणायच्या. मी खूश.

पाचव्या दिवशी त्या चालता चालता थांबल्या.

"लाजरसभाऊ, हे वरचं हाय."

"मंग?"

"यंदा खालचं साल. पाच दिवस झाले, तुमी मागल्या सालचं म्हणून राह्यले. वाचून नाही, पाठ म्हणून."

माझे कान तापले. "मंग इतके दिवस काहून गप्प बसल्या?"

"वाटलं, आज तरी खाली पाहान."

मी पुस्तक ओट्यावर आपटलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. पण बाईंच्या चपलांचा आवाज काही घरात बसू देईना. सकाळ गेली, दुपार झाली, चपला चालूच. बिनचहाची म्हातारी उन्हात फिरत होती, आणि ते पुस्तक तसंच छातीशी. चार वाजता उठलो. अंगण ओलांडून पुस्तक ओढून घेतलं आणि खालचं वाचायला लागलो. अर्धा तास लागला. बाई पहिल्यांदाच ओट्यावर बसल्या.

"अटका," म्हणाल्या, "पण गाळू नका."

दोन वर्षं असं वाचलं. मग बाई गेल्या. मातीला फादर आले, नागपूरहून पुतण्या आला, कॉलेजात शिकवणारा. वाचन कोण करणार, असं फादरांनी विचारलं. पुतण्या पुढे झाला, पण पुस्तक माझ्या हातात होतं. मी सुरू केलं. तिसऱ्याच ओळीत अटकलो, सगळ्या गावासमोर. लोक ऊन चुकवत पाय बदलत होते, कोणी खोकलं, फादरांनी घड्याळ पाहिलं.

"काका, आणा, मी वाचतो," पुतण्या हळूच म्हणाला.

"थांब," मी म्हटलं, आणि ते जोडाक्षर पुन्हा पहिल्यापासून लावलं.