पहिला फेरा बनवणाऱ्याचा

आमच्या घरात पाण्याला घाबरणारं माणूस एकच होतं, आणि ते मी नव्हते. तरी त्या वर्षी सगळी भीती माझ्याच वाट्याला आली. कारण ह्यांनी पाण्यावर चालणारी फळी बनवायला घेतली होती आणि ह्यांना पोहता येत नाही, हे फक्त मला आणि सासूबाईंना ठाऊक होतं. त्यात काळजी करायचं खातं सासूबाईंनी लग्नानंतर माझ्याकडे सोपवलेलं.

माझं माहेर रावेरकडचं, तापीकाठचं. तिथे आम्ही पोरी म्हशीचं शेपूट धरून पोहायला शिकलो. सासर धुळ्याचं. इथे पाणी ही पोहायची वस्तू नसून भरून ठेवायची वस्तू आहे, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांचं वर्कशॉप होतं. तिथे हे फायबरच्या कूलरच्या बॉड्या बनवायचे. शिवरात्रीपासून जेवायला फुरसत नसे, आणि पाऊस लागला की शेडमध्ये मांजर येऊन विणार. उरलेल्या आठ महिन्यांत साच्यातून काय काढायचं, याचा विचार करत हे एकदा केस कापायला गेले आणि परत आले ते हातात एका जुन्या इंग्रजी मासिकाचं पान घेऊन. पानावर समुद्राच्या लाटेवर उभा राहिलेला एक गोरा माणूस होता. त्याची फळी इतकी तिरकी झाली होती, की तिचं पोट दिसत होतं आणि पोटाखाली माशासारखे तीन पर.

"धरणावरचे लोक ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात," हे म्हणाले. "बाभळीचा काटा लागला की ट्यूब बसली. ही बसणार नाही."

"बसणारा बसेल त्याचं काय?" मी विचारलं. ह्यांनी पान घडी घालून खिशात ठेवलं.

पहिली फळी थर्माकोलवर रेझिन ओतून करायला गेले, तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून गेलं. मग कूलरसारखीच, पण दोन अर्धे एकमेकांवर चिकटवून, आतून पोकळ फळी केली. उंचीला माझ्यापेक्षा दीड हात जास्त. रंग कूलरचा उरलेला, फिकट हिरवा. मजबुती बघायला ती गच्चीवरून खाली टाकली. तिच्यावरून मोटारसायकल नेली. सासूबाई तुळशीला पाणी घालत बघत होत्या. म्हणाल्या, "मोटारसायकल वरून गेली म्हणजे मानूस बुडत नाही का रे?"

गणपतीत आम्ही दोघं माझ्या माहेरी गेलो, तेव्हा फळी एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टर खालून ओरडला, "वहिनी, हे काय शे? तिरडी घेऊन चालल्या का?" सगळी बस हसली. मीही हसले आणि जळगाव येईपर्यंत मनात मारुतीस्तोत्र म्हणत राहिले.

माहेरी तापीचं पाणी फुगून गावाच्या खालच्या शेतांपर्यंत आलेलं, अगदी थांबल्यासारखं. रोज सकाळी मी जुना पंजाबी ड्रेस घालून फळीवर पालथी पडायची. हे गुडघाभर पाण्यात उभे राहून वहीत लिहायचे. पराचे, खिळे-पट्टीने जोडता येणारे चार नमुने ह्यांनी करून आणलेले. पर नसताना फळी पाण्यावर हलकी फुलासारखी तरंगायची, पण उजवा हात मारला की डावीकडे गिरकी, डावा मारला की उजवीकडे. दहा हात मारूनही मी तिथल्या तिथे. काठावरच्या म्हशी तोंड वळवून बघत होत्या. शेवटी एक म्हैस मला मागे टाकून पुढे गेली.

"पर पुढे लावू," हे म्हणाले. "सायकलचं हँडल पुढेच असतं ना?"

पटलं मला. मला तेव्हा ह्यांचं सगळंच पटायचं. पुढे पर लावला, तर फळीचं शेपूट गरकन फिरून माझ्या पुढे गेलं आणि मी उताणी पाण्यात. वर आले तेव्हा हे कमरेपर्यंत पाण्यात आले होते आणि चेहरा पांढराफटक. "किती वेळ लागला वर यायला!" म्हणाले. मी म्हटलं, केस बांधत होते.

मग पर मागे लावला आणि फळीला एकदम समज आली. चार बोटांचा पर असला की ती बऱ्यापैकी सरळ जायची आणि पाय थोडा तिरपा मारला की वळायची. वीतभर पर लावला की बाण. डगमगायचीसुद्धा नाही. वळायला मात्र तयार नसे. ह्यांनी वहीत लिहिलं, 'चार बोटं. मागे. एकच पुरे.' आणि वही बंद केली.

दसऱ्यानंतर फळी घेऊन आम्ही धरणावर गेलो. तिथल्या मासेमारांमध्ये एक नाना होते, साठीचे, उघडे, डोक्याला पंचा. त्यांचा शब्द सगळे मानत. दोन वर्षांपूर्वी ट्यूब फुटून त्यांचा सख्खा भाऊ त्याच पाण्यात गेला होता. त्यांनी फळी उचलून पाहिली, वाजवून पाहिली, नाकाला लावून वासही घेतला.

"कोनी बनाडी?"

"मी," हे म्हणाले.

"मंग सोमवारे या. आमनाकडे पहिला फेरा बनाडनाराना ऱ्हास. त्या पल्याडना टेकाडले शिवीसन येवाचं. मंग आमी बठ्ठा बसूत." म्हणजे आधी बनवणाऱ्याने समोरच्या टेकाडाला शिवून यायचं, मग बाकी सगळे बसणार.

"येतो की," हे म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, जणू रोज सकाळी दात घासून टेकाडाला शिवून येतात.

घरी आल्यावर ह्यांनी फळी भिंतीला टेकवली. मग मी म्हटलं, सांगून टाका. हे म्हणाले, "काय सांगू? तरंगायच्या वस्तू बनवतो आणि मला बुडायची भीती वाटते? कोण घेईल?" शेड रिकामी पडलेली. मांजरीची दुसरी वीण चालू होती.

पण मला स्वस्थ बसवेना. रविवारी हे बाजारात गेल्यावर मी शेडमध्ये शिरले. साचे साफ करता करता मलाही काम येऊ लागलं होतं. फायबरची चटई कापली, रेझिन कालवलं आणि त्या चार बोटांच्या पराला खालून मोठं ठिगळ जोडलं. पर चांगला हातभर झाला. माझं शास्त्र असं, की वीतभर पराने फळी डगमगत नाही, तर हातभराने ती खांबासारखी उभी राहील. वळण्याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. वर हिरवा रंग मारला आणि फळी पोत्यात गुंडाळून ठेवली. सोमवारी पहाटे हे इतके गडबडीत होते, की फळी पोत्यात गुंडाळलेली तशीच टेम्पोत टाकली.

धरणावर पोतं काढलं तेव्हा ह्यांनी पर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. चहूबाजूंनी वीस-पंचवीस माणसं उभी होती, त्यामुळे जे काही म्हणायचं होतं ते ह्यांना गिळावं लागलं.

हे फळीवर पालथे पडले आणि निघाले. मागून वारा. फळी अशी सरळ चालली, की लोक "वा, भाऊ!" म्हणू लागले. मी मात्र बघत होते, की टेकाड राहिलं उजवीकडे आणि हे चालले डावीकडे. डावीकडे बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर आलेले. हे एका हाताने पाणी मारत होते, पायही झाडत होते. फळी ऐकत नव्हती. सरळ म्हणजे सरळ. बघता बघता हे बाभळीत शिरले आणि थांबले.

"काय झायं, भाऊ?" नानांनी हाक मारली.

"अडकलो!" ह्यांचा आवाज बारीक आला. "खालून धरलंय!"

"उतरीसन सोडी ले ना!"

हे दोन्ही हातांनी फळीला मिठी मारून पडलेले. मी म्हटलं, "नाना, कोणाला तरी पाठवा."

"माय, बाभयीमा ट्यूब कशी लई जावानी? काटा बठ्ठा." नाना माझ्याकडे रोखून बघत होते. "भाऊले पोव्हता येस ना?"

मी पदर कमरेला गच्च खोचला आणि पाण्यात शिरले. सासरच्या गावाजवळ, वीस परक्या पुरुषांसमोर, लुगड्याचे बोळे पायांत येताहेत, अशी मी पोहत सुटले. जवळ गेले तेव्हा ह्यांचे ओठ निळे पडले होते.

"हलू नका," मी म्हटलं. "पर फांदीत गेलाय. अहो, तो मी वाढवला."

"कळलं ते." दात वाजत होते. "मी म्हटलं होतं ना, चार बोटं!"

"तुम्ही डगमगू नये म्हणून."

"डगमगतोय कुठे? हलतसुद्धा नाही!"

बुडी मारून फांदी वाकवली, पर सोडवला. वर आले तेव्हा खांद्यावर काट्यांचे ओरखडे उठलेले. फळीच्या पोटावरही उठले होते, पण भोक एकही नव्हतं. मग मी मागे धरून पाय मारत, शेपूट हाताने वळवत, ह्यांना काठावर आणलं. काठावर कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. फक्त नाना म्हणाले, "फयी चांगली शे. पन दर फयीमांगे एक बाई मी कथाईन आनू?"

दर फळीमागे बाई कुठून आणायची, यावर मात्र सगळे हसले. हेही हसले असते, तर मी सुटले असते. पण हे ओल्या मातीवर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाना, मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं."

माझे डोळे मिटले गेले. संपलं, म्हटलं. आता ही कूलरच्या रंगाची तिरडी परत टेम्पोत.

नाना फळी उलटी करून ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिले. "पोव्हता येत नही," ते हळूच म्हणाले, "तरी बसानी हिंमत करी. मना भाऊले पोव्हता ये, तरी गया तो." मग पराला हात लावून विचारलं, "याले कापता येस का?"

ह्यांच्या पिशवीत करवतीचं पान होतं. तिथेच, दगडावर फळी टेकवून, पर पुन्हा चार बोटांचा केला.

"फेरा झाया नही पन," नाना म्हणाले.

"माहीत आहे," हे म्हणाले, आणि कोणी काही म्हणायच्या आत पुन्हा पाण्यात फळी लोटली.

फळी या वेळी थोडी डुलत गेली. नानांनी दोन गड्यांना ट्यूब घेऊन दहा हात मागे ठेवलं होतं. हे मोकळ्या पाण्यातून टेकाडापर्यंत गेले, हात लांबवून टेकाडाचा दगड शिवला आणि मग पाय तिरपा मारला. फळी हळूहळू वळली. वळता वळता एकदा इतकी कलंडली, की मी नानांचा दंड धरला. परक्या पुरुषाचा दंड धरलाय हे मला बऱ्याच वेळाने कळलं. नानांनीही तो सोडवून घेतला नाही.

हे काठाच्या वीस हातांवर आले आणि डोकं वर करून हसले. मग फळी थांबवून तिथूनच ओरडले, "आता वळते गं! अजून एक फेरा मारू का?"

"आधी काठाला लागा!" मी इतक्या जोरात ओरडले, की टेकाडावरचे बगळे उडाले.