चाकावर लावलेली तार

धाकट्याचा कान म्हणजे कान. ही फुशारकी नाही, ज्याला खोटं वाटेल त्याने येऊन ऐकावं. बर्फाच्या कारखान्यासमोरच्या दोन खोल्यांत बसून त्याने चाळीस वर्षं लोकांच्या तोंडची गाणी गोळा केली, गायली, आणि सूर लावायला कधी पेटी विकत घेतली नाही. गरजच काय? समोर कारखान्यात थोरल्या भावाचं चाक फिरत होतं. गॅस दाबणाऱ्या मशीनचं ते लोखंडी चाक माणसाच्या दीडपट उंच, त्याची दिवसभर एकच घूं. धाकटा खिडकी उघडायचा आणि आपल्या वाद्याच्या दोन्ही तारा त्या घूंशी मिळवायचा.

"माझं चाक केसभर हलत नाही म्हणून तुझं गाणं उभं आहे," थोरला जेवताना सांगायचा. तो कारखान्याचा मिस्त्री. शाळा पाचवीपर्यंत, पण मशीन नुसत्या हाताने ओळखायचा. तीन वर्षांपूर्वी बाहेरचा इंजिनिअर न बोलावता त्याने चाकाचं बेअरिंग स्वतः बसवलं. ही गोष्ट गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ होती.

यंदा एका मोठ्या ग्रंथालयाने धाकट्याची सगळी गाणी मागितली, पहिल्यापासून ओळीने. ट्रंकेतल्या कॅसेटी निघाल्या. थोरल्याच्या सुट्टीच्या सकाळी दोघे भाऊ चहा घेऊन टेपसमोर बसले.

पहिलं लागलं ते विहीर खणणाऱ्यांचं गाणं. विशीतला आवाज, नुसता झरा.

"ही चाल मीच सुचवली होती," थोरला म्हणाला.

"तुम्ही तेव्हा घोरत होतात," त्याची बायको आतून म्हणाली. "टेपमध्येही येतंय. नीट ऐका."

धाकटा हसला. मग नावाड्यांचं गाणं झालं, ओझं वाहणाऱ्यांचं झालं, आई गेल्यावर त्याने केलेलं झालं. तेव्हा दोघांनीही चहाकडे बघितलं नाही. शेवटी गेल्या महिन्यातली कॅसेट लागली आणि धाकट्याने ती चार ओळींतच बंद केली. जुनी लावली. पुन्हा नवी लावली.

"काय रे?"

"मी खाली आलोय, दादा."

"साठीला कोण वर चढतं?"

"तारही खाली आहे. तार कशी म्हातारी होईल?"

"टेप सुस्तावला असेल. त्याचंही वय झालंच की."

धाकटा टेपकडे वळला. पहिली कॅसेट शिफ्ट सुटायच्या घंटेपर्यंत पुढे नेली. कारखान्याच्या फाटकावरची पितळी घंटा गाण्यामागे वाजली. मग नव्या कॅसेटमधली घंटा काढली. तीच घंटा, तोच सूर. टेप सुस्तावला असता तर घंटाही उतरली असती. घंटा जागची हलली नव्हती. तिच्यामागची घूं उतरली होती.

थोरल्याने कप खाली ठेवला.

"कधीपासून?"

"तीन वर्षांपूर्वीपर्यंत सरळ आहे. मग थोडं थोडं. गेल्या महिन्यात एकदम. मी रोज चाकाशीच तार मिळवत आलो ना, मला कळायचं कसं?"

चाक मंदावतं म्हणजे त्याला फिरवणारा पट्टा घसरतो. पट्टा घसरतो म्हणजे चाकाच्या दांड्याला आतून काहीतरी धरतंय. हे थोरल्याला कोणी शिकवायला नको होतं. बेअरिंग हा शब्द मात्र कोणी काढला नाही. खिडकीतून घूं येत होती, रोजच्यासारखीच शांत.

"आपला मुलगा आत आहे आज," बायको दारात येऊन म्हणाली. "चाकावरच आहे."

थोरला चप्पल न घालताच निघाला. फाटकात मालक ट्रक भरून घेत होते.

"चाक बंद करावं लागेल, साहेब."

"आज? कशावरून?"

"भावाची गाणी ऐकली."

ड्रायव्हर हसले. मालकही हसले. "मिस्त्री, गाणी ऐकून कारखाना बंद ठेवू?"

थोरल्याने घसा खाकरला. "ते बेअरिंग मी बसवलंय. माझं चुकलंय." उभ्या आयुष्यात हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते. मग कोणी हसलं नाही.

आत मुलगा तेलाचा डबा घेऊन चाकाला अगदी खेटून उभा होता. थोरल्याने बेअरिंगच्या कवचावर हात ठेवला आणि लगेच ओढून घेतला. तळहात लाल झाला.

"हे कधीपासून तापतंय?"

"आठ दिवस झाले, बाबा."

"मग बोलला का नाहीस?"

मुलाने खाली बघितलं. "तुम्ही बसवलेलं. तुम्हाला कोण सांगणार?"

थोरल्याने मेन स्विच ओढला. "बाहेर हो. डबा ठेव तिथेच. सगळे बाहेर."

वीज गेली तरी ते चाक लगेच थांबणारं नव्हतं, चांगली नऊ मिनिटं घ्यायचं. सगळे फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन उभे राहिले. थोरल्याने मुलाचं मनगट धरलं होतं, लहान असताना धरायचा तसं. घूं उतरू लागली. समोरच्या खिडकीत धाकटा वाद्य घेऊन बसला होता. सवयीनेच त्याचा हात खुंटीवर गेला आणि चाकाच्या मागोमाग तो तार सैल करत गेला. सूर खाली, आणखी खाली. शेवटी तार लोंबली, तिच्यातून काहीच येईना.

चाक अजून फिरतच होतं. तिसऱ्या की चौथ्या मिनिटाला घूंच्या आतून दुसरा आवाज सुरू झाला, सैल झालेला दांडा कवचावर आपटल्याचा. ठक. मग थोडं थांबून, ठक.

"मागे सरका," थोरला म्हणाला. "अजून मागे."