जूनचा कोरा रकाना

आमची इंजिनियर रेजिमेंट पूर्व किनाऱ्यावरून कोकणात आली, तेव्हा सामानात एक काळा फळाही आला. त्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने. वादळात गेलेली बोट परतली, की तिच्या कमांडरने त्या महिन्यात खडूची एक रेघ ओढायची, ही आमची रीत. ऑक्टोबर, नोव्हेंबर रेघांनी भरलेले. मेमध्ये थोड्या. जून कोरा.

बोटींची इंजिनं दुरुस्तीसाठी कधी खोलायची, ते या फळ्यावरून ठरे. ठरवायचे हवालदार कदम, आमचे उस्ताद. ते चाकणजवळच्या निघोज्याचे, मी चिंचवडचा. घरून आलेली शेंगदाण्याची चटणी ते आधी माझ्या ताटात वाढत.

"जून कोरा हाय, गाववाले. खोला इंजिनं."

"उस्ताद, इथले कोळी म्हणतात..."

"काय म्हणत्यात?"

जूनच्या तोंडावर इथला समुद्र उठतो, असं ते म्हणत. सगळे माझ्याकडे बघत होते.

"काही नाही, उस्ताद."

"मग पाना उचला, साहेब!"

सगळे हसले. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी, जून लागताच, वादळ आलं. सकाळी ९.४० ला ऑर्डर आली: खाडीपलीकडची वस्ती हलवा, दोन बोटी. चालू इंजिन एकच होतं. ती बोट उस्तादांनी मला दिली आणि दुसरीत दोन जवानांसह स्वतः वल्ही घेऊन बसले.

"फळा माझा, वल्ही बी माझीच."

१२.१० ला मी वायरलेसवर विचारलं, "दोन नंबर, पोझिशन? ओव्हर."

"शेवटची फेरी. म्हातारी बसली. तू व्हय पुढं. ओव्हर."

दहा मिनिटांनी त्यांची बोट उलटली. मी वळलो. म्हातारीला आणि दोन जवानांना वर ओढलं. उस्ताद मिळाले नाहीत.

आता फौज सोडून मी चाकणला एका कंपनीत सिक्युरिटीची शिफ्ट करतो आणि संध्याकाळी कॉलेजला जातो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात सहसा बोलत नाही. परवा भूगोलाच्या मॅडम सांगत होत्या: ऐन पावसाळ्यात वरचे वारे वादळाला उभं राहू देत नाहीत, म्हणून मोठी वादळं त्याच्या आधी किंवा नंतर येतात. बंगालच्या उपसागरात जास्त. पण अरबी समुद्रही तापतोय, तिथली वाढत आहेत, अगदी जूनच्या तोंडावरही.

मी हात वर केला.

"मॅडम, एका किनाऱ्याचा फळा दुसऱ्या किनाऱ्यावर चालत नाही."

त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी बारा रकाने आखले आणि जूनमध्ये एक रेघ ओढली.

"ही कुठल्या वादळाची?"

"आमच्या उस्तादांची आहे, मॅडम. ओढायची राहिली होती."