लायटरवर आईचं नाव

मी सिगरेट ओढत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. मग दुसरा: बाईमाणसाला हा कसला छंद? त्यावर मी बरीच वर्षं भांडले, आता भांडतही नाही. सैनिकांनी लढाईत खिशात बाळगलेले सतरा लायटर माझ्याकडे आहेत. मुलुंडच्या आमच्या घरात, कपाटात साड्यांच्या वरच्या खणात ते असतात. साड्यांना पेट्रोलचा वास येतो, तो माझा मला चालतो.

काही भंगारवाल्यांकडे मिळाले, काही निवृत्त फौजींच्या घरून आले. मला खरं वेड आहे ते त्यांच्यावर कोरलेल्या अक्षरांचं. कुणी पलटणीचा नंबर कोरलाय, कुणी गावाचं नाव. एकाने तर खिळ्याने नुसतं 'हात लावून दाखव' एवढंच खरवडलंय. त्याच्यावर माझा फार जीव आहे.

अठरावा लायटर माझ्या संग्रहात नाही. तो ओट्यावर गॅसच्या बाजूला असतो, कारण तो आईचा आहे आणि ती तो रोज वापरते. त्याचा दगड झिजला की पानवाल्याकडून नवा आणून घालायचं काम माझं.

गेल्या वर्षी अंधेरीला युद्धातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणारे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, सतराच्या सतरा लायटर उलटेपालटे करून बघितले आणि प्रदर्शनासाठी कापडात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवले. मीही खुशीत होते. इतक्या वर्षांत माझ्या छंदाला न हसणारा हा पहिलाच माणूस होता.

तेवढ्यात आईने चहासाठी गॅस पेटवला. त्या 'टक्' आवाजावर गृहस्थांनी कान टवकारले. उठून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि लायटर हातात घेतला. एका बाजूला माझ्या फौजी बाबांनी स्वतः कोरलेला पलटणीचा नंबर.

"एकाहत्तरचा ना? वा! ही खरी वस्तू," ते म्हणाले. मग त्यांनी दुसरी बाजू बघितली आणि तोंड वाकडं केलं. त्या बाजूला आईचं नाव आहे, भांड्यांवर घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांचं.

"अरेरे, वाट लावली हो कुणीतरी याची! सैनिकाच्या लायटरवर बाईचं नाव? लोक गोंधळतील. माझा एक माणूस आहे, ही बाजू घासून पॉलिश करून देईल, कळणारसुद्धा नाही. नाहीतर ही बाजू खाली करून ठेवू."

चहा उकळेपर्यंत आई मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "घासा की. पण मग परत कसा यायचा तो?"

त्यांना काही कळलं नाही. मला कळलं, कारण ती गोष्ट मी शंभरदा तरी ऐकलीय. बाबा सुट्टीवर आले होते. घाटकोपरच्या एका भांड्यांच्या दुकानात आईने सहा वाट्या घेतल्या. दुकानदार छोट्या हातोडीने टकटक करत वाट्यांवर तिचं नाव घालत होता. ते झाल्यावर तिने बाबांच्या खिशातून लायटर काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. यावरही घाला म्हणाली. बाबा वैतागले. "अगं, पोरं चिडवतील मला, बायकोचं भांडं घेऊन फिरतो म्हणून." आई म्हणाली, "चिडवू देत. शेजारी गेलेली वाटी नाव बघूनच परत येते ना?"

त्यानंतर लढाई सुरू झाली. मी दहा महिन्यांची असताना घरी एक ट्रंक आली. तिच्यात बाबांचे कपडे होते, दाढीचं सामान होतं आणि लायटर होता. बाबा आले नाहीत.

नातेवाईक म्हणाले, लायटर फोटोपुढे ठेव, आठवण आहे. आईने खालच्या स्कूटरवाल्याकडून वाटीभर पेट्रोल मागून आणलं, लायटरमध्ये भरलं आणि त्याच लायटरने स्टोव्ह पेटवला. परत आलेलं भांडं वापरायचं असतं, म्हणाली. तिला दगडाच्या काळजाची म्हणणारे बरेच निघाले. शाळेत असताना मलाही तसंच वाटायचं. त्याची मला आजही लाज वाटते.

आणि आता हा हातमोजेवाला ते नाव घासायला निघाला होता! माझं डोकंच फिरलं. मी त्यांची पिशवी उघडली आणि माझे लायटर एकेक करून बाहेर काढून टेबलावर मांडले.

"अहो मॅडम, एवढं काय झालं? एक नाव तर आहे."

"हो ना, एकच आहे," मी म्हटलं. "नाव वर करून ठेवणार असाल तर अठराही न्या. नाहीतर चहा घ्या आणि निघा."

चहा न घेताच गेले.

आईने कपात चहा ओतला. मला वाटलं आता ती मला ओरडेल, घरी आलेल्या माणसाशी असं वागतात का म्हणून. पण ती लायटर पदराने पुसत बसली. बराच वेळ पुसत होती.

"माझं नाव हातावर गोंदून घेतो म्हणाले होते," ती म्हणाली. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. "लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत. गोंदणाऱ्यापुढे हात धरून बसलेसुद्धा. मीच उठवलं. म्हटलं, नको, उगाच दुखेल तुम्हाला."

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि उरलेले मटार सोलायला घेतले.

अंधेरीचं प्रदर्शन झालं म्हणे, गर्दीही चांगली होती. होऊ दे. आमचा लायटर ओट्यावर आहे, नाव वर करून.