भिंतीवरचे सतरा गेम

संदेश शिवलकरला राग आला की तो आवाज चढवत नाही. हातातलं काम खाली ठेवतो. दाभोळच्या धक्क्यावरच्या तांडेलांना, मच्छीमार बोटी चालवणाऱ्यांना, हे ठाऊक आहे. एखाद्याने मासे दाखवणारं यंत्र समुद्राच्या पाण्याने धुऊन आणलं आणि वर 'कालपर्यंत बरं चालत होतं' असं सांगितलं, की संदेश सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवतो आणि समोरच्याकडे बघत बसतो. तांडेल मग आपणहून खरं काय ते सांगतो.

धक्क्यापासून वर जाणाऱ्या रस्त्याला त्याचं दुकान आहे. बोटींचे वायरलेस सेट, जीपीएस, मासे दाखवणारी यंत्रं हे त्याचं पोट. आलेल्या प्रत्येक सेटला तो बोटीचं नाव लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधतो. चिठ्ठी बांधल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा त्याचा बावीस वर्षांचा नियम. सगळे सेट सारखेच दिसतात, आणि एकाचा पार्ट नकळत दुसऱ्यात गेला तर भर समुद्रात कुणाला तरी ते महागात पडतं.

दुकानामागच्या खोलीत एक सागवानी कपाट आहे. पावसाळाभर त्यात तळाशी बल्ब जळत असतो, म्हणजे आत बुरशी धरत नाही. या कपाटात जुने टीव्ही गेम होते. सतरा. या किनाऱ्यावर ते सापडतात, कारण इथली माणसं परदेशी जाणाऱ्या मालबोटींवर नोकरीला होती. नव्वदच्या आगेमागे घरोघरचे बाप कोबे, सिंगापूर, दुबई करून यायचे आणि बॅगेत साड्या, सेंट, चॉकलेट यांच्याबरोबर एखादा गेम असायचा. पोरं मोठी झाली, मुंबईला गेली. गेम माळ्यावर गेले. संदेश ते माळ्यावरून उतरवायचा.

त्याने यातला एकही विकत घेतलेला नाही. घरातलं माणूस द्यायला तयार झालं की तो एक शब्द द्यायचा: चालू ठेवीन. आणि ज्याचा गेम, त्याने कधीही दाभोळला यावं, बसावं, खेळावं. त्यासाठी त्याने मागे डबा असलेला जुना टीव्ही सांभाळला होता, कारण नव्या सपाट टीव्हीला ही जुनी पिन लागत नाही. दर शनिवारी दुपारपासून तो सतराच्या सतरा गेम वीस-वीस मिनिटं चालवायचा. बायको, श्रद्धा, म्हणायची, "गुरांना पाणी दाखवायला गेला."

पहिला गेम त्याच्या वडिलांचा, सखारामचा. घरात त्याला अण्णा म्हणत. एकोणनव्वद साली कोबेहून आणलेला, तांबड्या-पांढऱ्या रंगाचा. जपानी गेम शंभर व्होल्टचा. आपल्याकडच्या प्लगमध्ये थेट लावला की पहिल्याच दिवशी जळायचा आणि अशी जळलेली खोकी त्या वर्षी दाभोळात तीन-चार तरी निघाली. सखाराम इंजिनरूममधला माणूस. त्याने गेमबरोबर ट्रान्सफॉर्मरही उचलून आणला होता. तो वर्षातले दोन महिने घरी असायचा आणि त्या दोन महिन्यांत संध्याकाळी मुलाबरोबर रणगाड्यांचा गेम खेळायचा. हरला की चिडायचा. दहा वर्षांच्या पोरावर खरोखर चिडायचा. संदेशला बापाची आठवण येते ती अशी, चिडलेल्या चेहऱ्याची, आणि त्याला ती आवडते.

अगदी तसाच दुसरा गेम नाटे गावच्या ठमाबाईंचा. त्यांचे यजमान गंगाराम बोटीवर आचारी होते. निवृत्त झाल्यावर दोघं नवरा-बायको घरी रणगाडे खेळत. ठमाबाई मासे विकून यायच्या, हात धुवायच्या आणि बसायच्या. गंगाराम गेल्यावर त्यांनी गेम संदेशला दिला, तोही बजावून. "चालता ठेव हां मेल्या. माळ्यावर टाकायचा तर माझा माळा काय वाईट होता?" वर्षातून एकदा, गौरी-गणपती उरकले की बाई नाट्याहून एसटीने येतात. वय ब्याऐंशी. जेवतात, तीन डाव खेळतात, संदेशच्या मुलीला, ऋतिकाला, हरवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जातात.

यंदा मे महिन्यात संदेशच्या छपराचं काम निघालं. वासे बदलायचे होते, सुतार लांबवत होता, आणि जून तोंडावर आला तरी मागच्या खोलीवर ताडपत्री होती. तेव्हा मितेश म्हणाला, माझ्याकडे ठेव. मितेश सख्खा चुलत भाऊ, सात वर्षांनी लहान. आंजर्ल्याला त्याने पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात. एक वातानुकूलित खोली पावसाळ्यात रिकामीच असते, त्यात ठेवू, असं त्याने सांगितलं. संदेशने सतराही गेम थर्माकोलच्या खोक्यांत भरले, शनिवारी काय करायचं ते कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलं आणि पाठवून दिले. तांडेलांच्या सेटला चिठ्ठ्या बांधणाऱ्या माणसाने स्वतःच्या वस्तूंना मात्र एकही चिठ्ठी बांधली नाही, कुणाचा गेम कोणता हेही लिहिलं नाही. भावाला काय लिहून द्यायचं?

जून-जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर, आणि सगळ्यांचे सेट दुरुस्तीला संदेशकडे. त्याला डोकं वर काढायला फुरसत नव्हती. दोनदा फोन केला. मितेश म्हणाला, मजेत आहेत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ऋतिकाने जेवताना मोबाइल पुढे केला. कुणा पुण्याच्या मुलीने व्हिडिओ टाकला होता. पिवळी भिंत, तिच्यावर बारीक दिव्यांची माळ, वर रंगवलेली अक्षरं: 'आमचं बालपण'. खाली ओळीने सतरा गेम. ती मुलगी कोकम सरबताचा ग्लास हातात धरून एकेका गेमला बोट लावत पुढे सरकत होती. संदेशने व्हिडिओ थांबवला आणि दोन बोटांनी मोठा केला. दोन तांबड्या-पांढऱ्या गेमपैकी एकाच्या छातीत गोल डोक्याचा स्क्रू होता. दोन इंची असणार, त्याशिवाय भिंतीत धरला नसता. त्या जागी आत काय असतं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. धक्क्यावर बर्फ वाहणारा टेम्पो त्याने मागून घेतला आणि नऊच्या सुमाराला आंजर्ल्यात पोचला. पाहुणे नाश्त्याला बसले होते. मितेशने हसत स्वागत केलं, वहिनीला का नाही आणलं म्हणून विचारलं, चहा सांगितला. संदेश खुर्चीवर चढला आणि पहिला स्क्रू काढायला लागला.

मितेशला आधी ही चेष्टा वाटली. मग तो जवळ येऊन हळू आवाजात समजावू लागला. सुतारानेच भोकं पाडली, मी तर नुसतं लाव म्हणालो. लोकांना किती आवडतं बघ. खाली तुझं नाव टाकणारच होतो. सामान असं खोक्यात कुजवण्यापेक्षा चार माणसांनी बघितलेलं काय वाईट? संदेश एकेक स्क्रू काढून खिशात टाकत होता. नाश्ता करणाऱ्यांपैकी एका गृहस्थाने विचारलं, हे चालतात का हो? संदेश म्हणाला, मे महिन्यापर्यंत चालत होते. गृहस्थाला यात काही वावगं दिसलं नाही. त्याने उपम्याला लिंबू पिळलं आणि बायकोला सांगितलं, आपल्याकडेही असाच होता, आईने भंगारात दिला. दोघं हसली.

या हसण्याचा संदेशला मितेशपेक्षाही जास्त राग आला. सगळ्यांना आठवण काढायला आवडते. चालू ठेवायला कुणालाच नको असतं.

"दादा, खेळण्यांवरून भावाशी असं वागतात का?" मितेश शेवटी म्हणाला.

"खेळणी तू केलीस," संदेश म्हणाला. "ती मशिनं होती."

त्याने सतराही गेम टेम्पोत भरले. चहा टेबलावर तसाच राहिला.

दाभोळला आणून त्याने सगळे उघडले. नवं छप्पर होऊन महिना झाला होता. खोली कोरडी होती. पाच गेम पट्ट्यांनी बांधले होते, ते वाचले. सातांना स्क्रू रिकाम्या जागेतून गेला होता, नुसतं कवच फुटलं. चारांत बोर्डावरच्या रेषा तुटल्या होत्या, तिथे त्याने केसाएवढ्या तारा जोडल्या. असे सोळा झाले. सतरावा ठमाबाईंचा. स्क्रू थेट मोठ्या आयसीतून, गेमच्या मुख्य चिपमधून, आरपार गेला होता. हा आयसी बाजारात मिळत नाही, कधी मिळतही नव्हता. तो फक्त दुसऱ्या तशाच गेममध्ये असतो. आणि दुसरा तसा गेम कपाटात एकच होता, पट्टीने बांधलेला, ओरखडाही न पडलेला. सखारामचा.

घरात यावर जे बोललं गेलं त्याने संदेशचा राग वाढतच गेला. श्रद्धाचं म्हणणं, बाईंना फोन करून सरळ सांगा, त्या समजून घेतील. ऋतिकाने सुचवलं, आजोबांचाच पुढे ठेवू, दिसायला सारखे आहेत, आजीला काय कळणार? मालनकाकी, म्हणजे मितेशची आई, मूळ घरातून मुद्दाम चालत आली. गणपती आठवड्यावर आलेत, एकच गणपती, दोन भाऊ तोंड फिरवून बसलेले गाव बघेल. तू मोठा, तू सोडून दे. काकी वाईट बाई नव्हे. सखाराम बोटीवर असताना याच काकीने संदेशच्या आईला दोन बाळंतपणांत सांभाळलं होतं. म्हणून तर संदेश तिला काही बोलू शकला नाही आणि ते न बोललेलंही आत साठत राहिलं. जो तो त्यालाच शहाणपण शिकवत होता. मितेशला जाब विचारायला कुणी आंजर्ल्याला गेलं नव्हतं.

तो धक्क्यावर रोज हेच करतो, हे त्याला कळत होतं. मालक परत न्यायला येत नाही अशा सेटचे अवयव काढून चालत्या बोटीला लावायचे. सखाराम परत न्यायला येणार नव्हता. ठमाबाई येणार होत्या. हिशेब सोपा होता आणि म्हणूनच त्याला तो सहन होत नव्हता.

सोमवारी दुकान बंद असतं. सकाळी दहा वाजता त्याने बापाचा गेम उघडला. आयसीला चाळीस पाय. प्रत्येक पायाचं कथील कांडीने वितळवायचं, पंपाने ओढून घ्यायचं, पुढचा पाय. घाई केली की बोर्डावरची चकती उखडते. श्रद्धा दोनदा जेवायला बोलावून गेली. अडीच वाजता आयसी अख्खा बाहेर आला. पाच वाजता ठमाबाईंच्या गेमवर रणगाडे आले, ते ओळखीचं चार सुरांचं संगीत वाजलं. ऋतिकाने टाळ्या वाजवल्या. संदेशने गेम बंद केला, एक चिठ्ठी घेतली, 'ठमाबाई, नाटे' असं लिहून तारेने बांधली. मग बापाचा सोडून उरलेल्या पंधरांनाही बांधल्या. बापाच्या गेमचं कवच त्याने परत लावलं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. उचलल्यावर मात्र तो हलका लागत होता, किंवा संदेशला तसं वाटलं.

गणपतीच्या पहिल्या दिवशी सगळी मूळ घरी जमली. पूजा झाली, आरत्या झाल्या. घरातल्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांना एकत्र ठेव म्हणाला, सगळे होय महाराजा म्हणाले. संदेशनेही म्हटलं. बायका आत पानं मांडत होत्या. पडवीत मितेश त्याच्याजवळ आला. नवा झब्बा, कपाळाला गंध, चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू. काकीने त्याला काहीबाही सांगितलं असणार.

"दादा, म्हातारीचा चालू झाला म्हणे. आई म्हणाली. मी सांगत होतो ना, तुझ्या हाताला काही अशक्य नाही." त्याने खांद्यावर हात ठेवला. "मग मिटलं ना आता?"

संदेशने खांद्यावरचा हात उचलून बाजूला केला. येताना कापडी पिशवी आणली होती, ती खुंटीला होती. त्यातून त्याने तांबडा-पांढरा गेम काढला आणि मितेशच्या हातात दिला. मितेशने ओळखला. लहानपणी तो रोज या गेमसाठी रडत यायचा आणि सखारामकाका घरी असले की त्याला पहिला डाव मिळायचा.

"हा अण्णांचा," संदेश म्हणाला. "आतला काढला मी, तिला लावला. हा लाव भिंतीवर. आता हा चालत नाही."

मितेश काहीतरी बोलायला गेला. दारात मालनकाकी आली होती, तिने दोघांकडे पाहिलं आणि पानं वाढलीत एवढंच म्हणाली. मितेशने गेम परत पुढे केला. संदेशने घेतला नाही. मग मितेशने तो पडवीतल्या बाकावर ठेवला, पुन्हा उचलला, कुठे ठेवावा ते त्याला समजेना.

पुरुषांची पंगत बसली. मितेशच्या शेजारचं पान संदेशसाठी मांडलेलं होतं. संदेश बाहेरच उभा राहिला, बायकांबरोबर बसतो म्हणाला. त्या दिवशी त्या घरात संदेश दुसऱ्या पंगतीला जेवला.