दिवाळीचं साल

खामगावच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या अर्जनवीस वामनरावांनी तीस वर्षांत एकच चूक केली, पण ती नेमकी स्टॅम्पपेपरवर. भाजीवाल्या मनकर्णाबाईंनी भगवानराव ठेकेदाराच्या नव्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या, त्या करारात वामनरावांनी झोकदार अक्षरात लिहिलं, 'ताबा दिवाळीपूर्वी देईन.' साल राहूनच गेलं.

बाईंना अक्षरं येत नव्हती. आकडे मात्र तराजूनं शिकवले होते. वामनराव बोट फिरवत वाचत होते. बोट दिवाळीवर आलं तशा त्या म्हणाल्या, "भाऊ, इथी आकडा नाही दिसून राह्यला."

"दिवाळीले कायचा आकडा, बाई? ते काय यष्टी आहे?"

दिवाळी आली, गेली. इमारतीला ना दारं, ना खिडक्या. आणि मार्गशीर्षात बाईंच्या पुष्पीचं लग्न! भाड्याच्या घराच्या मालकाला दारात मांडव चालत नव्हता. लेक आपल्या उंबऱ्यावरून सासरी धाडायची, एवढ्यासाठी बाईंनी ह्या खोल्या घेतलेल्या.

भगवानराव पान चघळत म्हणाले, "कोणती दिवाळी? कागदात तं सालच नाही!"

वामनराव पडलेल्या चेहऱ्यानं बाईंच्या दुकानी गेले. "चूक माही आहे, बाई. पण नवा कायदा आहे. ताब्याची तारीख टळली तं पैसे व्याजासकट वापस मांगता येतात."

"व्याजाच्या दारात मांडव टाकू काय? मले घर पायजे."

"पण ठरलेली तारीख दाखवा लागीन."

बाईंनी मेथीच्या टोपलीखालून हळद लागलेली लग्नपत्रिका काढली. तारीख, सन १९६८, स्थळ 'नवी इमारत, खोली नंबर तीन'. खाली निमंत्रकांत सर्वांत ठळक नाव भगवानरावांचं! दसऱ्याला त्यांनी ते स्वतः सांगून घालून घेतलं होतं. पत्रिकेत नाव नसलं की आमच्याकडे माणूस नातवापर्यंत रुसतो.

वामनरावांनी नोटीस लिहिली, पत्रिका जोडली, साल तीनदा घातलं. कायद्याशी भगवानराव झुंजलेही असते. पण त्यांच्या नावानं चारशे घरी आवतण गेलेलं. पंधरा दिवसांत दारं बसली, किल्ली बाईंच्या कमरेला लागली.

लग्नात चुना इतका ओला, की अर्धं वऱ्हाड पाठीवर भिंत घेऊन घरी गेलं. पुष्पी उंबरा ओलांडून गेली तेव्हा बाई चौकटीला धरून रडल्या. मग डोळे पुसून कोपऱ्यात लपलेल्या वामनरावांना त्यांनी ओढून पंगतीत बसवलं, पानात दुसरी जिलेबी वाढली.

वामनरावांनी जिलेबी मोडत विचारलं, "बाई, आता पुढचा कागद दुसऱ्याकडूनच लिहून घ्याल ना?"

"तुमच्याकडूनच घीन, पण साल मी टाकीन."