वर्षाच्या आत

मंडळी, कॉम्प्युटरवरच्या आपल्या या ई-मेल गटात मी नुसता वाचत असतो. आज लिहावंसं वाटतंय.

माझी बायको नीला जाऊन पाच महिने झाले. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं सांगत तिच्या थोरल्या बहिणीने आमच्या लेकीसाठी, अनघासाठी, टेक्सासमधल्या प्लेनोचा एक डॉक्टर ठरवला. अनघाने मान हलवली. मीही हलवली.

आज दुपारी इथे मिशिगनमध्ये, आमच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत आम्ही दोघांनी जुन्या काळातला एक जर्मन सिनेमा पाहिला. कोवळ्या मुलीचं लग्न बड्या अधिकाऱ्याशी लावतात. घराणं उत्तम, लोक खूश, फक्त प्रेम नाही. ती आतल्या आत विझत जाते.

परतताना अनघा म्हणाली, "नोबडी आस्क्ड हर, बाबा."

मी गाडी कडेला घेतली. "तुला हवंय का गं हे लग्न?"

ती रडायलाच लागली. "नो. आईसाठी हो म्हटलं."

घरी येताच नीलाच्या ताईंना फोन लावला. ताई कडाडल्या, "श्रीकांतराव, हॉल बुक झालाय! लोक काय म्हणतील?"

"हॉल कॅन्सल करा, ताई. लोकांना माझा नंबर द्या."

त्यांचं बोलणं संपायच्या आत मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच! मागे अनघा टाळ्या वाजवत होती. नीला गेल्यापासून या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

तीन वर्षं थांबावं लागलं तर थांबू. तुमच्या घरी लग्न ठरलं तेव्हा मुलीला बाजूला घेऊन कुणी विचारलं होतं का?